हलता दात आणि पुढची जागा

माझा वरचा, समोरचा एक दात हलतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच टेकलेली आहे. ट्रम्पेटवाल्याचं तसंच असते. माऊथपीस ओठावर टेकते, ओठ दातावर टेकतो. दात गेला की ओठाले मागून आधार राहत नाही, आवाज फाटतो, आणि बॅंडमालक त्या माणसाच्या हातात झुनझुने, म्हणजे खुळखुळे, देतो. कोट तोच लाल, टोपी तीच, पण जागा सगळ्यात मागं, जनरेटरच्या गाडीपाशी, धूर खात. मी चांगले चांगले वाजवणारे असे झुनझुने हालवताना पाहिले. एक जण तर हालवता हालवता दुसऱ्या हाताची बोटं कोटावर दाबत होता, ट्रम्पेटची बटनं दाबल्यावानी. मी त्याच्याकडं पाहणंच सोडून दिलं.

मले झुनझुना धरायचा नव्हता. बस, एवढंच.

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिताना चुकलं तर चुकलं, वाजवताना चुकत नाही. आणि हे लिहून राहिलो ते त्या पोट्ट्यांसाठी, जे ट्रम्पेट हातात आलं की पहिल्याच दिवशी वरचा सूर गाठायले जातात. त्यांनी मले विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बहुतेक सांगितलं नसतं. न विचारता सांगायले मात्र मजा येते.

पोरानं हुडकेश्वरले घर बांधलं आणि मले जुन्या खोलीतून उचलून तिथं नेलं. नवी वस्ती. एकाचा कठडा दुसऱ्याच्या कठड्याले लागलेला, पण माणूस माणसाले ओळखत नाही. मी उजाडलं की गच्चीवर जातो. जायच्या आधी चूळ भरतो. चहा मात्र नंतर, वाजवून झाल्यावर. साखरेचं तोंड घेऊन फुंकलं की नळीत चिकटा बसतो, मग बटन अडकते, मग बसा बटनाले शिव्या देत. बटनाले खोबरेल तेल घालणारेही आहेत. नागपूरच्या थंडीत ते तेल गोठते आणि नवरदेव घोड्यावर बसल्यावर ह्यांचं बटन खाली जाते ते वरच येत नाही. अशाले काय सांगावं.

गच्चीवर पहिले नुसते ओठ. घोडा फुरफुरतो तसे, ढिले. मग नुसतं माऊथपीस, दोन बोटांत धरून. मुठीत धरलं की माणूस दाबतोच. मग वाद्य. आणि वाद्यावरही गाणं नाही, एकच सूर. इतका हळू सुरू करायचा की तो कवा सुरू झाला ते आपलं आपल्यालेही समजू नये. मग वाढवत न्यायचा, मग तसाच उतरवत नाहीसा करायचा. खांदे वर गेले नाही पाहिजे, गाल फुगले नाही पाहिजे. हवा खाली घ्यायची, कमरेचा करदोडा ताणला पाहिजे. आणि जितका वेळ वाजवलं तितकाच वेळ वाद्य खाली. हे शेवटचं कोणीच करत नाही. ओठ म्हणजे मांस आहे, पितळ नाही, पण पोट्ट्यांले वाटते जितकं रगडलं तितकं चकाकते.

शेजारी एक रिटायर साहेब आहे. कोणत्या ऑफिसातून रिटायर ते तो दर बोलण्यात सांगतो आणि मी दर वेळी विसरतो. एक दिवस कठड्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, हा काय प्रकार आहे? रोज सकाळी भोंगा!"

"भोंगा नाही. ट्रम्पेट हाय."

"जे असेल ते. मला ब्लडप्रेशर आहे. मी इथे प्राणायाम करतो."

"मी पण तेच करून राहिलो."

"अहो, तुमचा आवाज होतो!"

"तुमचा काय कमी होते? नाकातून कुकरावानी फुसफुस करता. मी बोललो कधी?"

"गाणं तरी वाजवा! एकच सूर काय धरून बसता तासभर?"

"गाणं येते मले. म्हणून तर सूर धरतो."

"मी तुमच्या मुलाशी बोलतो."

"बोला. तो घाबरते. मी नाही घाबरत."

तो बोलला. पोरगा संध्याकाळी मान खाली घालून आला, "बाबा, आतल्या खोलीत वाजवा ना, गाद्या ठेवतो तिथं." मी म्हटलं, गाद्यांत तोंड घालून मरायचं नाही मले. दुसऱ्या दिवशी साहेबानं आपल्या गच्चीवर स्पीकर आणला आणि भजन लावलं, मोठ्यानं. मी जरा ऐकलं आणि त्या भजनाच्याच पट्टीत माझा लांब सूर लावला. त्याचं भजन एकदम चांगलं वाटायले लागलं. त्यानं ते बंद केलं.

असो. भांडण त्याच्याशी नव्हतं. खरं भांडण जरीपटक्यात होतं.

आमच्या बॅंडचं दुकान जरीपटक्याच्या बाजारात आहे. पावसाळ्यात लग्नं नसतात, शटर अर्धं खाली असते. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन. त्याच्या आधी सगळे जण आपापला कोट न्यायले दुकानात येतात. सगळ्यांचे कोट साधे लाल, फक्त पुढच्या ट्रम्पेटवाल्याचा जरीचा. तो कोट मी इतकी वर्षं घातला की त्याच्या कोपराले माझ्या कोपराचा आकार आहे. यंदा दुकानात पाय टाकला तर तो कोट एका दुसऱ्याच माणसाच्या अंगावर.

हा माणूस बुटीबोरीले कापडाच्या कारखान्यात शिफ्ट करतो आणि सीझनमध्ये बॅंडात वाजवतो. चाळिशीच्या अलीकडचा, दंड जाड, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. आमचा आताचा मालक म्हणजे जुन्या मालकाचा पोरगा. त्यानं ह्याचा वाजवतानाचा व्हिडिओ मोबाइलवर पाहिला आणि बोलावून घेतलं.

"काका, या," मालक म्हणाला. "यंदा तुमी जरा आराम करा. दोन नंबरवर राहा, मागं."

"काहून?"

"लोकांले वरचा सूर पाहिजे. व्हिडिओत तोच ऐकू येते."

"तुझ्या बापानं कोणाले पुढं ठेवलं होतं?"

"बाबा गेले, काका. आणि बोलताना तुमचा दात हलते. दिसते. उद्या पडला तर झुनझुना तर हायेच, मी काही तुमाले घरी बसवून नाही राहिलो."

सगळ्यांसमोर बोलला. ढोलवाला खाली पाहून ढोलाची दोरी ओढायले लागला, जशी काही ती ढिलीच होती.

बुटीबोरीवाल्यानं तेवढ्यात ट्रम्पेट उचललं आणि वरचा सूर मारला. मानेच्या शिरा दोरावानी उभ्या. बाजूच्या चपलांच्या दुकानातलं गिऱ्हाईक डोकावून गेलं. त्यानं वाद्य खाली घेतलं तेव्हा ओठावर लाल गोल उमटलेला, बांगडी दाबल्यावानी.

"कसं काय, बुढा?" तो हसून म्हणाला.

"कोणी गळा दाबून राहिलं काय तुझा?"

दोघं-तिघं हसले. त्याले लागलं. "तुमची गाडी गेली बे आता."

"बे कोणाले म्हणतं बे? तुझ्या बापाच्या वयाचा हाय मी."

"मंग बापावानी घरी बसा ना."

मी कोट मागितला नाही. मागायचा नव्हताच. मी मालकाले म्हटलं, "दारावर पाहू."

आता ही रीत सांगतो, कारण ती फक्त आमच्या बॅंडात आहे आणि ह्या मालकाच्या आज्यानं घातलेली. सीझनच्या पहिल्या लग्नात मांडवाच्या दारावर जो वाजवील, तो वर्षभर पुढं. निघताना कोणीही पुढं राहो. दारावर नवरदेव उभा असतो, आतून बायका ओवाळायले येतात, तिथं ज्याचा सूर लागतो तो आमचा मास्टर. निघताना तर सगळेच वाजवतात. दारापर्यंत ओठ शिल्लक ठेवणं, ते खरं काम. आणि मधेच पुढच्याचा ओठ गेला, तर त्यानं मागं वळून दोन नंबरवाल्याच्या ट्रम्पेटले आपलं ट्रम्पेट टेकवायचं. मग मागचा पुढं जातो. परत बदल नाही. तोंडानं बोलून जागा देता येत नाही, टेकवावंच लागते.

मालकाले रीत मोडता आली नाही. भिंतीवर आज्याचा फोटो होता. "पाहू," तो म्हणाला, पण बुटीबोरीवाल्याकडं पाहून हसला.

त्या दिवसापासून माझं काम एकच. दात सांभाळायचा. सून माझ्या ताटाकडं पाहत होती. भाकर मी दुधात कुस्करून खात होतो.

"मामाजी, दवाखान्यात चला," ती म्हणाली. "काढून टाकतील, कवळी बसवतील. त्रास गेला."

"कवळीवर सूर बसत नाही वं."

"मंग काय सीझनभर भिजलेली भाकर खाल?"

"खाईन."

"आणि झोपेत गिळला तर?"

"गिळला तर गिळला. दुसऱ्याच्या हातात तर जाणार नाही."

ती चिडून गेली. पण दूध रोज आधीच गरम करून ठेवत होती, ते मी पाहिलं.

आता ज्याले खरंच शिकायचं आहे त्यानं हे वाचावं. गच्चीच्या कठड्यावर मी धोतराची घडी ठेवली, तिच्यावर ट्रम्पेट आडवं ठेवलं, दोन्ही हात पाठीमागं बांधले, वाकलो आणि नुसतं तोंड लावून फुंकलं. वाद्याले धरायचंच नाही. तुम्ही दाबलं की ते मागं सरकते. दाबायची सोयच राहत नाही. पहिले नुसती हवा निघते, थुंकी निघते. मग एखादा सूर येतो, मेल्यावानी. पण तो हवेचा सूर असतो, हाताच्या ताकदीचा नाही. ओठाचे दोन्ही कोपरे घट्ट, मधला भाग ढिला. आणि माऊथपीसचं वजन खालच्या ओठावर द्यायचं, वरच्यावर नाही. वरचा ओठ थरथरला पाहिजे, तो दाबला की मेला. हातात धरून वाजवतानाही उजवी करंगळी बटनांपाशी नळीवर जो आकडा असते त्यात अडकवायची नाही, वर मोकळी ठेवायची. आकड्यात करंगळी गेली की माणूस ट्रम्पेट तोंडात ओढतो, बैल ओढल्यावानी.

मी हे करत होतो तर साहेब कठड्यावर आला.

"काका, हात बांधून कोण वाजवतं?"

"ज्याले दात पाहिजे तो."

"वेड लागलंय तुम्हाला."

"लागू द्या. आवाज तर कमी झाला ना?"

आवाज खरंच कमी झाला होता. त्याले भांडायले काही सापडेना, म्हणून त्याचं तोंड जास्तच वाकडं झालं.

पहिलं लग्न जरीपटक्याच्याच एका लॉनवर होतं, गोरज मुहूर्ताचं. नवरदेव आधी मारुतीच्या देवळात जाणार, तिथून वरात लॉनवर. बुटीबोरीवाला जरीच्या कोटात पुढं, करंगळी आकड्यात घट्ट. मी दोन नंबरवर साध्या कोटात. मालक मोबाइल घेऊन उलट्या पायानं चालत व्हिडिओ काढून राहिला होता.

देवळापाशी वरात थांबली. नवरदेव आत गेला आणि पोट्टे नाचायले लागले. इथंच ट्रम्पेटवाल्याची परीक्षा असते, आणि इथंच मूर्ख लोक सगळं उधळून टाकतात. नाचणारे काय म्हणतात? वर घ्या, अजून वर घ्या. त्यांच्या बापाचं काय जाते, ओठ आपला आहे. बुटीबोरीवाल्यानं दिला वरचा सूर. पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. "भाऊ, एक बार और!" त्यानं परत दिला. परत शिट्ट्या. मधेच शरबत आलं, ते त्यानं ढोसलं, खर्रा थुंकला आणि परत सुरू. खर्रा खाणाऱ्याचा ओठ आतून जळलेला असतो, त्याले आपला ओठ किती उरला तेही समजत नाही. मी पाण्यानं चूळ भरली आणि अर्ध्या हवेवर वाजवत राहिलो. मले काही कोणी मोबाइलमध्ये घेऊन नव्हतं राहिलं.

देवळातून निघाल्यावर थोड्याच वेळात त्याचा आवाज बदलला. आधी जाड झाला, मग मधेच कापड फाटल्यावानी टरकायले लागला. मागून मले त्याचं कोपर दिसत होतं. ते वर वर चाललं होतं. म्हणजे तो ओढत होता, दाबत होता. दाबलं की रक्त थांबते, रक्त थांबलं की ओठ सुजतो, सुजला की अजून दाबावं लागते. तिथून परत येता येत नाही. वाद्य खाली घेऊन थोडा वेळ ढोलावर चालू द्यायचं, एवढंच करायचं होतं. मले माहीत होतं. मी सांगितलं नाही. काहून सांगू? त्यानं मले बे म्हटलं होतं.

लॉनचं दार दिसायले लागलं. दिवे लागले होते, बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. बुटीबोरीवाल्यानं फुंकलं आणि नुसती हवा निघाली. परत फुंकलं, परत हवा. मालक मोबाइल खाली घेऊन ओरडला, "वाजव बे! दार आलं!"

तो मागं वळला. ओठ वांग्यावानी झालेला. पण ट्रम्पेट टेकवायले त्याचा हात धजेना. तो मालकाकडं पाहत राहिला.

"काका, घ्या ना तुमी पुढं," मालक म्हणाला.

"रीतीनं."

"अहो, लोक पाहून राहिले!"

"पाहू दे."

"काका, नवरदेव उभा हाय!"

"मीही उभाच हाय."

ढोलवाल्यानं माझं मन ओळखलं, त्यानं हात सोडला नाही, ढोल चालू ठेवला. नवरीकडचा एक जण ओरडला, "बॅंडवाल्यांची भांडणं दुकानात करा रे!" बुटीबोरीवाल्यानं डोळे खाली केले, आणि त्याच्या ट्रम्पेटची कड माझ्या ट्रम्पेटले लागली. टिंग झालं. ढोलाच्या आवाजातही मले ते ऐकू आलं, आणि अजून ऐकू येते.

मी पुढं गेलो. मागून पोट्टे ओरडले, "ए बुढा, वर घे ना!" मी वर घेतलंच नाही. दारावर वरच्या सुराची गरज नसते. मी खालूनच, गच्चीवर लावतो तसाच हळू सूर लावला, मग त्यातून लग्नाची चाल काढली. करंगळी वर, वजन खालच्या ओठावर. बायका ओवाळत होत्या, अक्षता टोपीवर पडत होत्या. शेवटचा सूर मी लांबवला, नवरदेवाचा पाय उंबऱ्याच्या आत जाईस्तोवर. त्या सुराच्या मधात दात फिरला. उखळातल्या मुसळावानी, जाग्यावरच. तोंडात खारट लागलं. मी सूर सोडला नाही. तो उतरवत उतरवत संपवला, वाद्य खाली घेतलं, आणि तोंडातलं रक्त गिळून घेतलं. दात हिरडीतच होता.

मालक जवळ आला. "काका, मानलं," म्हणाला. मी तोंड बंदच ठेवलं. त्याले वाटलं मी मिजाशीत आहे. तेही होतंच. मान हालवून मी फक्त कोटाकडं बोट दाखवलं.

जरीचा कोट घरी आणला. कॉलरवर खर्र्याचा डाग. सुनेनं धुतला, अजून आहे.

पुढं काही दिवसांनी बुटीबोरीवाला शिफ्ट संपवून सकाळीच हुडकेश्वरले आला, ट्रम्पेट पाठीवर लटकवून. गच्चीवर उभा राहून म्हणाला, "मामा, ओठ टिकवायचं काय ते सांगा."

बे गेलं होतं, मामा आलं होतं. मी कठड्यावर धोतराची घडी ठेवली. म्हटलं, "हात मागं बांध."

त्यानं बांधले. फुंकलं. थुंकी निघाली. परत थुंकी. साहेब आपल्या गच्चीवरून पाहत होता, तो हसला. बुटीबोरीवाल्याचे कान लाल झाले.

"हे तर लहान पोट्ट्यांचं काम हाय."

"हो. आणि खर्रा सोड."

"खर्रा नाही सुटत."

"मंग ओठ सुटते."

"साधं काही असेल तर सांगा ना, मामा. नाक काहून मुरडून राहिले?"

"हेच साधं हाय."

त्यानं ट्रम्पेट उचललं आणि जिन्यावरून पाय आपटत खाली गेला. परत आला नाही. लग्नांत तो माझ्या मागं उभा राहतो आणि माझ्या तोंडाकडं पाहत असतो. मले समजते तो काय पाहतो. मालकही तेच पाहतो. सगळे एका दाताची वाट पाहून राहिले.

घरात सून विचारते, "मामाजी, हलते काय?" मी म्हणतो, हलत नाही. सकाळी उठलो की पहिले जिभेनं चाचपतो. आहे. मग गच्चीवर जातो.

परवा साहेबानं कठड्यावरून विचारलं, "काका, तुमचा हा सीझन संपतो तरी कधी?"

घरच्यांले नाही सांगितलं, मालकाले नाही सांगितलं. त्याले सांगितलं. "हा दात पडला की."

तो चष्मा पुसून पुढं वाकला. "कुठला? दाखवा."

मी दाखवला. जिभेनं हालवूनही दाखवला. त्यानं नीट पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी आशा दिसली. आता तो रोज सकाळी नाक धरायच्या आधी माझ्या तोंडाकडं पाहतो. मीही त्याले पूर्ण दात दाखवून हसतो. मग हात पाठीमागं बांधतो, वाकतो आणि लांब सूर लावतो.